धुळें : पाट आणि नदी यांमधील गांव

एखाद्या गांवाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे तेथील राजे, लढाया आणि सनावळी यांपासून आरंभ करावयाचा, अशी आपली रीत आहे. आज मी धुळें शहराविषयीं बोलणार आहें. परंतु आरंभ पाण्यापासून करणार आहें. गांव कोणीं वसविलें हें कागदपत्रांवरून कळतें. तें कां टिकलें हें कळावयास तेथील लोकांनीं पाणी कसें मिळविलें आणि आपसांत कसें वांटून घेतलें, हें पाहावें लागतें. खानदेशासारख्या बेभरंवशाच्या पावसाच्या मुलुखांत तर हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्यानें सोडवावा लागला आहे.

जगांत कांहीं गांवें अशीं आहेत कीं, त्यांच्या दारांत निसर्गानेंच पाणी आणून ठेविलें. उत्तर इटलींतील कोमो हें शहर पाहा. आल्प्स पर्वतांतून खालीं सरकणाऱ्या हिमनद्यांनीं तेथें खोल दरी कोरली आणि बर्फ वितळल्यावर त्या दरींत ४०० मीटरांहून अधिक खोल असें सरोवर राहिलें. इसवी सनापूर्वीं ५९ या वर्षीं ज्यूलियस सीझर यानें त्या सरोवराच्या कांठीं नवी वसाहत केली. सभोंवार कोट, आंत सरळ रस्ते, असा तिचा आंखीव नकाशा जुन्या शहरांत अद्याप ओळखूं येतो. त्या वसाहतवाल्यांना इतर अडचणी पुष्कळ आल्या असतील. पण उद्यां प्यावयास पाणी कोठून आणावें, ही अडचण त्यांत खचित नव्हती.

आपल्या धुळ्यासहि सरळ, आंखीव रस्त्यांची पेठ आहे आणि तिचाहि आरंभ एका परक्या सेनाधिकाऱ्यानें केला आहे. येथें मात्र सरोवर नाहीं. पावसाळ्यांत दुथडी भरून वाहणारी आणि उन्हाळ्यांत वाळूंत लपणारी एक नदी, आणि शहराजवळ माणसांनीं बांध घालून केलेले नकाणें व डेडरगांव यांसारखे तलाव, एवढेंच या शहराचें जवळचें जलधन. इटलींतील त्या गांवाला तळ्याचा कांठ आयता मिळाला; आम्हांला तो बांधून घ्यावा लागला. दोन गांवांच्या दैवांतील हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे धुळ्याच्या इतिहासांतील पुष्कळशा गोष्टींचा उलगडा होतो.

प्रथम भूमीचा विचार करूं. खानदेशचा नकाशा डोळ्यांपुढें आणा. उत्तरेस सातपुड्याची भिंत, पश्चिमेस सह्याद्रि, दक्षिणेस सह्याद्रीच्या पूर्वेकडे गेलेल्या शाखा आणि या सर्वांच्या मध्यें पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वसमुद्राकडे जातात. तापीनें मात्र पश्चिमेची वाट धरली. तिला दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई या नद्या मिळतात. त्यांतील पांझरा ही धुळ्याची नदी. ती साक्री तालुक्यांत पिंपळनेरच्या बाजूस सह्याद्रींत उगम पावते, पूर्वेकडे वाहत साक्रीवरून धुळ्यास येते, धुळ्याच्या पुढें कांहीं अंतर गेल्यावर उत्तरेकडे वळते आणि मुडावद येथें तापीस मिळते. त्या संगमावर कपिलेश्वराचें देवालय आहे. हा प्रवास जरा चमत्कारिक आहे. सह्याद्रींत पश्चिमसमुद्राच्या इतक्या जवळ निघालेलें पाणी प्रथम समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस जातें आणि तापीच्या हातीं सांपडल्यावर पुनः पश्चिमेस, सुरतेकडे, परत येतें. या लांबच्या वळशामुळेंच तें खानदेशच्या शेतांना भेटतें.

धुळें हें समुद्रसपाटीपासून सुमारें २५० मीटर उंचीवर आहे. पावसाळी वारे सह्याद्रि ओलांडतांना आपला बहुतेक भार पश्चिमेच्या उतारावर टाकून देतात. धुळ्यापर्यंत येतांना ते रिते होतात. म्हणून धुळ्यास वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि तोहि नेमानें पडेल अशी शाश्वती नाहीं. परंतु नदीचा उगम ज्या डोंगरांत आहे तेथें पाऊस अधिक. याचा अर्थ असा कीं, पांझरा धुळ्यास जें पाणी आणते तें धुळ्याच्या आकाशांतून पडलेलें नसतें. वरच्या मुलुखाच्या आकाशांतलें पाणी ती खालच्या मुलुखाला आणून देते. वरच्यानें किती घ्यावें आणि खालच्यासाठीं किती सोडावें, हा प्रश्न या नदीच्या घडणींतच आहे.

येथील खडकाविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनमध्यें भूमीला भेगा पडून तप्त शिलारसाचे थरांवर थर पसरले. तोच आपला काळा पाषाण. नंदुरबार आणि धुळें यांच्या टापूंत त्या भेगांतच शिलारस थिजून उभ्या भिंतींसारखे खडक तयार झाले आहेत. असे २०० हून अधिक खडक भूगर्भशास्त्रज्ञांनीं मोजले आहेत. त्यांतील बहुतेक साधारणपणें पूर्व-पश्चिम गेलेले आहेत. साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्याकडे गेलेला एक खडक तर ७५ किलोमीटरांहूनहि लांब आहे. भोंवतालची माती आणि मऊ खडक झिजून गेल्यामुळें हे खडक पुष्कळ ठिकाणीं लांबच लांब टेकड्यांच्या रूपानें उभे दिसतात. प्रवासी त्यांना कोणी राक्षसानें रचलेला गडगडा समजेल. जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्यालाहि या भिंती कोठें कोठें आडव्या येतात. मग एका बाजूची विहीर भरलेली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी असा प्रकार होतो. कुणब्यानें त्याला दैव म्हणावें. पण त्या दैवाचें मूळ कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या त्या भेगांत आहे.

अशा भूमींत माणसानें काय केलें? येथें धुळ्याच्या भोंवतालच्या मुलुखाची खरी कीर्ति आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर लोकांनीं ठिकठिकाणीं दगडी बंधारे घातले. नदीच्या पात्रांत उघडा पडलेला कठीण खडक पाहावयाचा, त्यावर फार उंच नाहीं असा बांध घालावयाचा, पाण्याची पातळी थोडी चढवावयाची आणि कांठानें पाट काढून तें पाणी उताराउतारानें शेतांकडे न्यावयाचें. मोट नाहीं, बैल नाहीं. पाणी आपल्या भारानेंच चालतें. या व्यवस्थेला फड म्हणतात. ती तीन-चार शतकें जुनी मानली जाते.

फडाची योजना अशी. एका बंधाऱ्याखालीं जेवढी जमीन भिजते तिला थळ म्हणतात. थळाचे बहुधा तीन किंवा चार भाग पाडतात; तेच फड. प्रत्येक फडांत एका वेळीं एकच पीक. एका फडांत ऊंस, दुसऱ्यांत गहूं किंवा दुसरें हंगामी पीक, तिसऱ्यांत आणखी कांहीं. पुढें हीं पिकें आळीपाळीनें फिरतात. पाणी एका चारींतून एकाच पिकाला जात असल्यामुळें तें किती आणि केव्हां द्यावें याचा घोळ राहत नाहीं. पाणी सोडावयास पाटकरी असतो, पिकाची राखण करावयास जागल्या असतो, आणि या सर्वांवर देखरेख करावयास हवालदार असतो. त्यांना शेतकऱ्यांनींच नेमावयाचें आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनींच द्यावयाचा. पाटांतील गाळ काढणें, बंधाऱ्याचे निखळलेले दगड बसविणें, हीं कामें सर्वांनीं मिळून दर वर्षीं करावयाचीं.

या योजनेंतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे टंचाईच्या वर्षाची तजवीज. पाणी भरपूर असतां वांटणी कोणासहि करतां येते. खरी परीक्षा पाणी कमी असतां होते. पुष्कळ शेतकऱ्यांच्या जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले असतात. पाणी अपुरें दिसलें म्हणजे एखादा फड त्या वर्षीं भिजवावयाचाच नाहीं, असें सर्वांनीं ठरवावयाचें. मग त्या फडांत ज्याचा जेवढा तुकडा तेवढी त्याची तूट. उरलेल्या फडांतील पीक मात्र सर्वांना पदरांत पडतें. पाटाच्या तोंडाशीं शेत असणारानें आपलें पुरें भिजवून घ्यावें आणि शेपटाच्या शेतकऱ्यानें आकाशाकडे पाहत बसावें, असें होत नाहीं. स्पेन देशांत व्हॅलेन्सिया शहरीं पाटाच्या पाण्याचे तंटे सोडविणारें एक जुनें न्यायासन आहे. दर गुरुवारीं तेथील मुख्य देवालयाच्या दाराशीं शेतकऱ्यांनीं निवडलेले पंच बसतात आणि तोंडीं निवाडा करतात. २००९ सालीं जागतिक वारशांत त्याची गणना झाली. आमचा पाटकरी आणि हवालदार त्याच कुळांतले आहेत. त्यांचें नांव देशांतहि फारसें कोणास ठाऊक नाहीं, इतकाच फरक.

फडाचें गुणगान करतांना त्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे. येथें पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला असतो. ज्याला जमीन नाहीं त्याला त्या वांटणींत वांटाहि नाहीं. आपल्या मनाप्रमाणें पीक घेण्याची मोकळीकहि शेतकऱ्याला नसते. तेव्हां ती रामराज्याची व्यवस्था होती असें समजण्याचें कारण नाहीं. तूट सर्वांनीं सोसावयाची, एवढा एक नियम तिनें पाळला, आणि तेवढ्यावर ती शतकानुशतकें चालली.

आतां राजांच्या इतिहासाकडे वळूं. धुळ्याच्या दक्षिणेस सुमारें १० किलोमीटरांवर आग्रा रस्त्याच्या कडेला लळिंगचा किल्ला उभा आहे. मध्ययुगांत महत्त्व लळिंगला होतें. धुळें हें त्याच्या छायेंतलें एक गांवडें. १३७० सालीं दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक यानें मलिक राजा यास थाळनेर आणि करवंद हा मुलूख दिला आणि त्यांतून खानदेशांत फारुकी घराण्याची सत्ता उभी राहिली. मलिक राजाचा पुत्र नसीरखान याच्या वांट्यास लळिंग आलें. त्यानेंच अशीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर वसविलें. परंतु त्याचा शेवट लळिंगलाच झाला. बहामनी सैन्याकडून पराभव झाल्यावर १४३७ सालीं तो तेथें मरण पावला. फारुकींचें राज्य पुढें १६०१ पर्यंत चाललें. त्या वर्षीं अशीरगड अकबराच्या हातीं पडला, आणि आपल्या दानियाल या पुत्राच्या नांवावरून त्यानें खानदेशास दानदेश असें नांव दिलें. तें नांव टिकलें नाहीं. खानदेश हेंच लोकांच्या तोंडीं राहिलें. १६३० च्या सुमाराच्या घोर दुष्काळानें हा मुलूख होरपळून निघाला. १७५२ सालीं भालकीच्या तहानें निजामाकडून खानदेशाचा मोठा भाग पेशव्यांकडे आला, आणि पुढें लळिंग व सोनगीर हे परगणे विंचूरकरांकडे गेले.

धुळ्याच्या इतिहासांतील अत्यंत करुण प्रसंग यानंतरचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं होळकरांच्या फौजा आणि त्यांच्या मागून पेंढारी खानदेशांतून फिरले. उभीं पिकें गेलीं, गुरें गेलीं, बी-बियाणें गेलें. १८०३ च्या दुष्काळांत धुळें गांव पार ओस पडलें. पांझरा तेव्हांहि वाहत होती आणि बंधाऱ्याला लागणारा दगडहि नदींतच होता. परंतु बंधारा एकदां घालून भागत नाहीं, त्याला दर वर्षीं माणसांचे हात लागतात. ते हात जीव घेऊन पळाले म्हणजे पाट गाळानें भरतो आणि बागाईत रान होतें. पाऊस चुकला तर एक वर्ष बुडतें. पाण्याची राखण करणारा समाजच विस्कटला तर गांव बुडतें. १८०३ सालच्या ओसाड धुळ्याचा बोध हा आहे.

पुढच्याच वर्षीं विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनीं तें गांव पुनः वसविलें. त्याबद्दल विंचूरकरांनीं त्यांस इनाम जमीन व कांहीं हक्क दिले. पुढें सोनगीर आणि लळिंग या मुलुखाचा सर्व कारभार त्यांच्याकडे आला, आणि त्यांनीं आपलें ठाणें धुळ्यासच ठेविलें. लळिंगचा डोंगर सोडून सत्ता नदीकांठीं उतरली ती अशी. आज धुळ्याच्या स्थापनेचें श्रेय बहुधा इंग्रज अधिकाऱ्याला दिलें जातें. पण त्याच्या आधीं चौदा वर्षें उजाड गांवांत माणसें परत आणणाऱ्या या कारभाऱ्याचें नांव विसरणें बरें नव्हे.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. त्याचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला. त्यानें जिल्ह्याचें ठाणें म्हणून धुळें पसंत केलें. दख्खन आणि हिंदुस्थान यांमधल्या हमरस्त्यावर आणि जिल्ह्याच्या मध्याजवळ असल्यामुळें ही निवड सोयीची होती. १८१९ च्या जानेवारींत त्यानें कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळविली. दूरदूरचे कारागीर आणविले. सुमारें २,७०० पौंड खर्चून मुलकी व न्यायाच्या कचेऱ्या उभारल्या. व्यापारी व इतर लोक राहावयास यावेत म्हणून घरांच्या जागा कायमच्या बिनभाड्यानें दिल्या, आणि पक्कीं घरें बांधण्यास जुन्या रहिवाशांना व नव्यांनाहि तगाई दिली. त्या वर्षीं धुळ्यांत ४०१ घरें आणि २,५०९ माणसें होतीं. ब्रिग्जनें तेव्हांच्या गांवाचें जें वर्णन केलें आहे त्याचा आशय असा कीं, हें लहानसें गांव असून भोंवतीं बागाईत आहे, आणि एका बाजूस पाट व दुसऱ्या बाजूस नदी यांमध्यें तें कोंडलेलें आहे. या परक्या माणसाच्या नजरेनें धुळ्याचें मर्म अचूक टिपलें. पाट आणि नदी, यांच्यामधली जी चिंचोळी जागा, तेंच मूळचें धुळें.

हा ब्रिग्ज नुसता कारकुनी वृत्तीचा अधिकारी नव्हता. फिरिस्ता या फारसी इतिहासकाराच्या ग्रंथाचें त्यानें केलेलें इंग्रजी भाषांतर १८२९ सालीं प्रसिद्ध झालें. फारुकींची, थाळनेरची आणि लळिंगची हकीगत त्या ग्रंथांत आहे. ज्या मुलुखाचा इतिहास त्यानें भाषांतरिला, त्याच मुलुखांत त्यानें एक शहर मांडलें, असा हा योग आहे.

नदीच्या दक्षिण तीरावर नवें धुळें वाढूं लागलें. एकमेकींना समांतर अशा गल्ल्या आणि त्यांना नांवांऐवजीं आंकडे, ही त्याची खूण आजहि कायम आहे. जुनें धुळें मात्र आपल्या वांकड्यातिकड्या बोळांनिशीं जुनेंच राहिलें. उत्तर तीरावर देवपूर. तेथें नदीकांठीं एकवीरा देवीचें ठाणें आहे, आणि खानदेशांतील कित्येक घराण्यांची ती कुलदेवता आहे. १८६२ सालीं नगरपालिका स्थापन झाली. १८६३ सालीं लोकवस्ती १०,००० होती. १८७२ सालीं ती १२,४८९ झाली. त्याच १८७२ सालीं पांझरेला मोठा पूर येऊन शहरांतील घरांची आणि मालमत्तेची फार हानि झाली. उन्हाळ्यांत जिच्या पात्रांतून मुलें चालत पलीकडे जातात ती नदी आपलें पात्र विसरत नाहीं, हा धडा शहराला तेव्हां मिळाला. १९०० सालीं चाळीसगांवहून धुळ्यापर्यंत लोहमार्ग आला आणि कापसाच्या व्यापाराला वेग आला.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत नुकताच लागलेला एक तरुण अभियंता धुळ्यास रुजू झाला. त्याचें नांव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पाटाचें पाणी नदीच्या पलीकडे न्यावयाचें, हें काम त्याच्याकडे आलें. साक्री तालुक्यांत दातर्ती येथें त्यानें नळाचा वक्रवाहक बांधला. त्याचें तत्त्व सोपें आहे. पाटाचें पाणी बंद नळांतून नदीच्या पात्राखालीं उतरवावयाचें. पलीकडच्या तीरावर नळाचें तोंड थोडें खालच्या पातळीवर ठेविलें म्हणजे पाणी आपोआप वर चढून पुढच्या पाटाला लागतें. कागदावर हें सोपें. पण पावसाळा सुरू झाल्यावर पात्रांत काम करणें किती कठीण, हें त्या तरुणाला पांझरेनें चांगलेंच शिकविलें. काम अडलें; तरी अखेर त्यानें तें पुरें केलें. पुढें धरणें आणि पाणीपुरवठा यांच्या कामांत सर्व देशभर ज्यांचें नांव झालें, त्यांच्या उमेदवारीची पहिली पाटी ही आमच्या नदीनें धरली.

धुळ्याच्या विद्याव्यासंगाचाहि उल्लेख केला पाहिजे. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ सालीं येथें सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली आणि समर्थ संप्रदायाचीं हस्तलिखितें गांवोगांवच्या मठांतून जमविण्याचें काम आयुष्यभर केलें. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचें देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच झालें. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९२७ सालीं, त्यांच्या संग्रहाच्या जपणुकीसाठीं राजवाडे संशोधन मंडळ निघालें. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. घरोघरीं वाळवी खात पडलेले कागद एकत्र आणावयाचे आणि ते सर्वांचे म्हणून राखावयाचे, हें काम बंधारा राखण्याच्या कामाहून जातीनें वेगळें नाहीं. दोहोंतहि एकट्याचा लाभ थोडा आणि सर्वांचा मोठा. दोहोंतहि दर वर्षाची देखभाल चुकत नाहीं.

१९०६ सालीं खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगांव पूर्वेचें ठाणें झालें, धुळें पश्चिमेचें. १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार वेगळा निघाला, आणि २००३ सालीं धुळ्यास महानगरपालिका आली. २०११ च्या शिरगणतींत शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या घरांत भरली. म्हणजे ब्रिग्जनें मोजलेल्या माणसांच्या जवळजवळ दीडशेंपट! नदी मात्र तीच, आकाशहि तेंच. मग हें पाणी कोठून येतें? जवळचे तलाव पुरेनासे झाले, तेव्हां तापीचें पाणी नळांनीं आणलें गेलें. पांझरा जें पाणी मुडावदला तापीस अर्पण करते, त्याच तापीचें पाणी विजेच्या यंत्रांनीं वर उचलून पांझरेच्या कांठच्या शहराला पाजावयाचें, असा हा उलटा फेरा आहे. वरच्या अंगास पांझरेवर अक्कलपाडा येथें धरण झालें, आणि त्याचें पाणी कालव्यानें नकाणें तलावांत येऊं लागलें. जळगांवाचीहि स्थिति वेगळी नाहीं. तें शहर वाघूर धरणाच्या पाण्यावर राहतें.

धरणें वाईट, असें माझें म्हणणें नाहीं. पावणेचार लाख लोकांची तहान जुन्या बंधाऱ्यांनीं भागली नसती. परंतु या बदलांत कांहीं हातचें गेलें, त्याचा हिशेब मांडला पाहिजे. विहिरी आणि विजेचे पंप आल्यावर ज्याला त्याला आपापलें पीक हवेंसें झालें. गाळ काढण्यास कोणी येईना. कित्येक फड मोडले. कांहीं अद्याप चालतात, पण पूर्वींचा भर राहिला नाहीं. शहराजवळ पाटाच्या जागीं रस्ते आणि घरें आलीं. याहून मोठी हानि म्हणजे, पाण्याचा हिशेब लोकांच्या हातून सुटला. पूर्वीं थळांतील कोणाहि शेतकऱ्यास विचारावें, तो बंधाऱ्यावर यंदा किती पाणी आहे आणि कोणता फड कोरडा राहणार, हें सांगे. आज शहरांतील सुशिक्षित गृहस्थास विचारा, आपल्या नळाला पाणी कोणत्या तलावांतून येतें आणि तो आज किती भरला आहे. पुष्कळांना उत्तर देतां येणार नाहीं. नळाला चार दिवस पाणी आलें नाहीं म्हणजे आपण रागावतों, आणि पांचव्या दिवशीं तें आलें म्हणजे विसरून जातों.

तेव्हां या शहराच्या इतिहासांतून आपण काय घ्यावें? मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, बंधारे, पाट आणि तलावांत पाणी आणणारे नाले यांची नोंद शहराच्या ठेव्यांत व्हावी. जो मान रस्त्याला आणि पुलाला, तोच त्यांना. त्यांवर कोणीहि भिंत घालूं नये. दुसरी, नदीचें पात्र ही मोकळी पडलेली जागा नव्हे. १८७२ चा पूर पुनः येणार नाहीं, असें वचन पांझरेनें कोणास दिलेलें नाहीं. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, टंचाईची वांटणी उघडपणें व्हावी. तलावांत किती पाणी आहे आणि कोणत्या भागास किती मिळणार, हें चौकाचौकांत लिहिलेलें असावें. तूट आली तर ती बंगल्यालाहि यावी आणि झोंपडीलाहि यावी. फडाच्या व्यवस्थेंत जमीन नसणारास वांटा नव्हता. शहराच्या व्यवस्थेंत तो दोष राहूं नये. जुन्या पद्धतीचा न्याय घ्यावा आणि तिचा संकोच सोडावा.

पाट आणि नदी यांमध्यें कोंडलेलें २,५०९ माणसांचें तें गांव आज दोन्ही तीरांवर पसरलें आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे देशाचे दोन मोठे रस्ते त्याच्यापाशीं मिळतात. रात्रंदिवस वाहनें येतात आणि जातात. इतक्या येण्याजाण्यांत शहराला असें वाटणें स्वाभाविक आहे कीं, आपणांस जें हवें तें पैका टाकून बाहेरून आणतां येईल. पुष्कळ वस्तु तशा आणतां येतातहि. पाण्याची गोष्ट तशी नाहीं. तें वरच्या गांवानें सोडावें लागतें, मधल्या गांवानें जपावें लागतें आणि आपण मोजून वापरावें लागतें. पांझरेच्या कांठच्या अशिक्षित पाटकऱ्याला हें ठाऊक होतें. तें ज्ञान आपल्या शहराच्या कारभारांत उतरलें, तर पुढच्या पिढीच्या धुळेंकरांना नदीकांठ सोडून जाण्याची पाळी येणार नाहीं.